कावळ्याचे पंख माझ्या पोटात होते

मित्रांनो, शिलाई मशीनच्या खणात, बॉबिन, खडूचे तुकडे आणि बिनजोडीची बटणं यांच्या गर्दीत राहणारा मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझं टोपण कधीच हरवलं. माझ्या एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा आहेत, त्या शेजारच्या कुत्र्याच्या. त्याने मला एकदा गिळलं होतं. मी त्याच्या पोटात होतो तोवर तो माझ्यातली गाणी सुरात म्हणत होता. विश्वास बसत नसेल तर त्याला विचारा. धुण्याच्या यंत्रातून तर मी इतक्या वेळा निघालोय की नुसत्या चवीवरून साबण कुठला ते सांगतो. थोडं फुगवून सांगायची मला सवय आहे, हे मी नाकारत नाही. पण आता जे सांगणार आहे ते जसंच्या तसं घडलं. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या हिरव्या पट्टीवर एक काळा चौकोन बसवला आणि वरून प्लास्टिकचा अंगरखा चढवला. पुढे एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मला विकत घेतलं. तिच्या गळ्यात लटकून मी वर्गावर्गात फिरलो. काय तो रुबाब होता! "कोणाकडे पेनड्राइव्ह आहे का?" असं कुणी विचारलं की ती ऐटीत मला पुढे करायची. मग ती नर्स झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली, आणि मी तिच्या आईकडे राहिलो.

तिची आई, म्हणजे आमच्या बाई, मुलांच्या नाटकांचे पोशाख शिवतात. मासा, राजा, ढग, म्हातारं झाड, काय वाटेल ते. त्यांचे कटिंगचे कागद जुने होऊन फाटायला लागले, तेव्हा मुलीने त्यांना ते कंप्युटरवर काढायला शिकवलं. बाईंनी चष्मा नाकावर सरकवत एकेक पॅटर्न काढला. छपाईच्या दुकानातून तो पूर्ण मापात छापून आणायचा, कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची; कागदही कापला जायचा, म्हणून दर खेपेला नवा छापायचा. सगळ्यात अवघड होता कावळा. त्याचे पंख असे बेतलेले होते की मुलाने हात वर केला की ते पंख्यासारखे उघडत आणि हात खाली केला की गुपचूप मिटत. कितीतरी कापड वाया घालवून ते माप जमलं होतं. या सगळ्याची एक प्रत कंप्युटरमध्ये होती आणि दुसरी माझ्या पोटात. दुपारी खणात पडल्या पडल्या मला वाटायचं, आपण साधेसुधे नाही, आपल्या पोटात अख्खं जंगल आहे.

पण कंप्युटर म्हातारा झाला. एक पॅटर्न उघडेपर्यंत चहा थंड होऊ लागला. नाटक आठवड्यावर आलं होतं, कावळ्याचं काळं कापड टेबलावर घडी करून ठेवलेलं होतं, आणि कंप्युटर मात्र छापायची फाइल तयार करता करता मधेच मान टाकायचा.

अशा वेळी जावईबापू आले. मुलीला सुट्टी नव्हती म्हणून एकटेच आले. माणूस लाख चांगला, पण घाई एवढी की हा गृहस्थ केळं सालीसकट खाईल. म्हणाले, "आई, कंप्युटर टाकायचा नाही. त्याच्यावर लिनक्स बसवू. फुकट मिळते, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली सिस्टिम आहे. जुन्या कंप्युटरला नवे पाय फुटतील."

"पाय नकोत, पंख छापून द्या म्हणजे झालं," बाईंचे यजमान कोपऱ्यातून बोलले. ते निवृत्त पोस्टमास्तर. पेपर वाचत बसतात आणि मधूनच शिक्का मारल्यासारखं एक वाक्य हाणतात.

"अहो, गप्प बसा ना," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "जावई आहेत ते."

त्यांनी मला खणातून काढून दिलं. जावईबापूंनी नव्या सिस्टिमची भलीमोठी फाइल माझ्यावर जशीच्या तशी ठेवली. "बघा आई, हे तुमचे पॅटर्न आणि ही शेजारी नवी सिस्टिम."

"अगंबाई, दोघंही मावले की!"

मावले होते, पण उपयोग शून्य. मित्रांनो, पुस्तक उशाशी घेऊन झोपलं म्हणून अभ्यास होत नाही. ती फाइल माझ्यावर उलगडून लिहावी लागते, तेव्हा कुठे मी कंप्युटर सुरू करू शकतो. कंप्युटरने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि कण्हत कुथत आपलं जुनंच रूप दाखवलं.

"नवी सिस्टिम अगदी जुनीसारखीच दिसते हो," पोस्टमास्तर म्हणाले.

जावईबापू लाल झाले. मला शर्टाच्या खिशात घालून घेऊन गेले. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी त्यांना योग्य तो प्रोग्रॅम दाखवला. प्रोग्रॅम बिचारा शहाणा होता. त्याने पडद्यावर ठळक अक्षरांत विचारलं, 'या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?' जावईबापूंच्या एका हातात चहा होता, कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन होता. उरलेल्या हाताने त्यांनी 'हो' दाबलं.

पुसलं जाणं दुखत नाही. नुसतं हलकं हलकं वाटत जातं. मासा गेला, राजाचा अंगरखा गेला, म्हातारं झाड गेलं. कावळा शेवटी गेला. त्या जागी नवी सिस्टिम येऊन बसली, तीही मोठ्या मानाची पाहुणी. तिचा काही दोष नाही. पण आतून फाइली पुसल्या तरी राग पुसला जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुन्हा बाईंचं घर. पुन्हा मी कंप्युटरच्या बाजूला खोचलेला. आता कंप्युटर सुरू होताना एक ठरावीक बटण दाबायचं असतं, म्हणजे तो आधी माझ्याकडे बघतो. कुठलं बटण ते पडद्यावर क्षणभर लिहून येतं. जावईबापूंनी ते वाचायचे कष्ट घेतले नाहीत. वरच्या रांगेतली सगळी बटणं बडवत सुटले. कंप्युटर बंद, चालू, बंद, चालू. प्रत्येक वेळी जुनंच रूप.

"पेटी वाजवताय की कंप्युटर लावताय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"बाबा, याला टायमिंग लागतं."

"हो, आम्ही पण तिकिटावर शिक्का मारायचो. पण तिकीट बघून."

बाईंनी यजमानांकडे डोळे वटारून पाहिलं आणि जावयाला म्हणाल्या, "तुम्ही शांतपणे करा हो. चहा टाकू का आणखी?"

अखेर एकदाचं बटण लागलं. पडदा उजळला आणि माझ्या पोटातली नवी सिस्टिम बाहेर आली. तिने अदबीने विचारलं, 'आधी नुसतं वापरून बघायचं, की बसवायचं?' वापरून बघितलं असतं तर कंप्युटरमधले पॅटर्न डोळ्यांनी दिसले असते, कुठेतरी काढूनही ठेवता आले असते. जावईबापूंनी 'बसवा' दाबलं. तिने परत विचारलं, 'जुनीच्या शेजारी बसवू, की सगळं पुसून?'

इथे मात्र त्यांचा हात थांबला. म्हणाले, "आई, पुसून बसवली की चांगली पळते. तुमच्या पॅटर्नची कॉपी आहे ना?"

"आहे ना. पेनड्राइव्हमध्ये आहे."

"मग झालं तर!"

मित्रांनो, मी जीव खाऊन लुकलुकलो. बुडत्या जहाजाने दिवे दाखवावेत तसा. "बघा कसा भराभर चाललाय," जावईबापू कौतुकाने म्हणाले. मी तापलो. "गरम झालाय, म्हणजे काम जोरात आहे." शेवटी मी सगळी ताकद लावून स्वतःला बाहेर ढकललं. केसभर सरकलोसुद्धा! त्यांनी अंगठ्याने मला परत आत दाबलं.

बाई पडद्याकडे बघत होत्या. 'सगळं पुसलं जाईल' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली, ओठ हलताना मला दिसले. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, जावयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. जावईबापूंनी 'हो' दाबलं.

सिस्टिम बसली. फार सुंदर बसली, खोटं कशाला बोलू? कंप्युटर डोळ्यांची पापणी लवायच्या आत सुरू झाला. पोस्टमास्तरांनीही पेपर खाली ठेवला. बाई हरखून म्हणाल्या, "वा! आता माझे पॅटर्न टाका त्यात. कावळा आधी."

"द्या पेनड्राइव्ह."

"अहो, तुमच्याच हातात आहे की."

जावईबापूंनी तळहातावरच्या माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला नीट पाहिलं.

"दुसरा... दुसरा असेल ना एखादा?"

"घरात हा एकच आहे."

जावईबापू पुटपुटले, "मी बघतो काहीतरी."

"आता काय बघता?" पोस्टमास्तर म्हणाले. "बघायचं तेव्हा बघितलं नाहीत." यावेळी बाईंनी त्यांना गप्प केलं नाही.

जावईबापू कंप्युटर आणि मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात धावले. दुकानदाराने दिवसभर खटपट केली आणि मान हलवली. आधी पुसलंय, वर नवीन लिहिलंय, म्हणाला, हाती लागले ते नुसते तुकडे.

ते परत आले तेव्हा बाईंनी ट्रंकेतून गेल्या खेपेचा कावळा काढला होता. कसरीने खाल्लेला, उजवा पंख जेमतेम शाबूत, डावा गेलेला. बाई त्याची शिवण उसवत होत्या. त्यांनी वर न बघता छोटी कात्री जावयाच्या हातात दिली.

"बस इथे. टाके काप. अरे, ओढतोस काय! टाका काप, कापडाने तुझं काय घोडं मारलंय?"

"आई, चुकलं माझं."

"चुकलंच. आणि मी तुझा मान राखत बसले, ते माझं चुकलं. विचारायला हवं होतं, बाबा रे, कुठला पेनड्राइव्ह? एवढंसं विचारायचं होतं."

दोघं मान खाली घालून उसवत राहिले. उसवलेल्या उजव्या पंखावरून नवा बेतला, तोच उलटा ठेवून डावा. कसरीच्या भोकांनी माप थोडं बिघडलंच, उलटताना डाव्याचं जास्त. नाटकात कावळ्याने हात वर केला, उजवा पंख डौलात उघडला, डावा अर्ध्यात अडकला, तो हात खाली केला तरी मिटेना. मुलं खदखदून हसली, टाळ्याही पडल्या. मी बाईंच्या पर्समध्ये होतो. पर्स त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. घरी येताना त्या जावयाला एवढंच म्हणाल्या, "तो पंख मिटत होता रे आधी. गुपचूप मिटत होता."

मासा, ढग, म्हातारं झाड यांचे पॅटर्न अजून व्हायचे आहेत. बाई रोज थोडं थोडं नव्याने काढतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा पेनड्राइव्हांना जपा, पण नुसतं खणात ठेवून जपू नका. आम्हाला पुसण्याआधी एकदा उघडून बघा. जपायचं ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि कुणी मोठ्या मानाचा माणूस घाईत बटण दाबत असेल, तर त्याचा हात धरा आणि विचारा. फार तर तो क्षणभर रागावेल. यंत्र पुन्हा पुन्हा विचारतं, कारण तुमच्या आईने कशासाठी किती कापड वाया घालवलं हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक असतं.