काजळाची टिंबं

चटई अंथरलेली बघून मी आधी हसलेच.

"आई, अगं ह्या वयात?"

मोरीशेजारच्या खिडकीखाली आई पाय दुमडून बसली होती. बाजूला तिची वेगळी ताटली आणि वेगळा पेला. बावन्न वर्षांची बाई, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली, आणि नव्या नवरीसारखी लाजून पदराने तोंड पुसत होती.

"परत आलंय," आजी चुलीपासून म्हणाली. "माझ्या धाकल्या जावंला पंचावन्नापातूर हुतं. त्यात काय एवढं?"

आजीने, म्हणजे आईच्या सासूने, अंबूबाईने, एखादी गोष्ट सांगितली की आमच्या घरात तिच्यावर शिक्का बसायचा. घर म्हणजे बेंगळुरूत पीण्या भागातल्या कारखान्यांमागच्या वस्तीतल्या दोन खोल्या आणि आम्ही तीन बायका. मूळचे आम्ही निपाणीकडचे. माझे वडील, अप्पा, इथे लेथ चालवायला आले, सहा वर्षांपूर्वी गेले, आणि आई त्यांच्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसली. पितळी बुशाच्या, म्हणजे पंपात बसणाऱ्या कड्याच्या, भोकात गेज, म्हणजे मापाची कांडी, घालून बघायचं. गेजचं एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. नुसता संशय आला तरी आई तो बुश नापास मालाच्या लाल डब्यात टाकायची. तो डबा इतका भरायचा की सुपरवायझर रोज कपाळ बडवून घ्यायचा. आई ऐकायची नाही. "कुणाच्या तरी पंपात बसणार हाय ते," म्हणायची.

आजीला लिहिता येत नाही. देवाशेजारी टांगलेल्या कॅलेंडरवर ती काजळाचं बोट टेकवायची. टिंब म्हणजे महानंदा, माझी आई, आज बाहेर. मंगळवारी आणि शुक्रवारी यल्लम्माचा दिवा आईने लावायचा की मी, ते त्या टिंबांवरून ठरायचं.

जानेवारीत चार टिंबं पडली. फेब्रुवारीत दोनदा मिळून नऊ. उगादीला, म्हणजे पाडव्याला, आई चटईवर बसून आम्हाला सांगत होती की पुरणात वेलदोडा कमी पडलाय, वासावरून कळतंय. जूनच्या पानावर तर पांढरं कमी आणि काळंच जास्त होतं. मजा अशी की हा विटाळ फक्त घरात होता. कारखान्यात आई सोमवार ते शनिवार जात होती, कंबर धरून, पिशवीत जास्तीचे कपडे घेऊन. घरी आली की चटई.

आणि मी काय करत होते? दोन बस बदलून एचएसआर लेआउटच्या ऑफिसात जात होते. आई बाहेर असली की शुक्रवारचा दिवा माझ्या गळ्यात पडायचा, बस चुकायची, आणि मी चिडायचे. आठ महिन्यांत माझं आईकडे लक्ष गेलं ते एवढंच.

शेवटी लक्ष गेलं ते परक्या बाईचं. सगुणाबाई आईच्या शेजारच्या स्टुलावर बसायच्या. बेंगळुरूतल्या जुन्या मराठ्यांच्या घरातल्या, मराठी निम्मी कन्नड. एक दिवस आई जेवायला उठली आणि त्यांना तिच्या स्टुलावरचं रक्त दिसलं.

"अक्का, एनायितु हे? काय झालं? किती दिवस झाले?"

"आठ महिनं. पाळी परत आलीया."

"गेलेली कशी परत येईल अक्का? माझ्या नणंदेचं असंच होतं. ऊठ. आत्ता, ह्या पावली."

आईने सांगितलं, एवढी पेटी संपवून येते. सगुणाबाईंनी तिच्या हातातलं गेज काढून घेतलं, रिक्षात घातलं आणि मला फोन केला. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि पंधरा दिवसांनी आम्ही शहरातल्या मोठ्या कॅन्सर इस्पितळात बाकावर बसलो होतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. तिसरी पायरी. ऑपरेशन करून उपयोग नाही, किरणांचा शेक आणि सोबत औषध.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कन्नडमधून विचारत होत्या, कधी सुरू झालं, किती दिवस जायचं. आई अडखळायला लागली, तेव्हा मी मोबाइल पुढे केला. मी कॅलेंडरच्या पानांचे फोटो काढून नेले होते. त्यांनी आठही पानं एकेक करून बघितली.

"इतकं नीट कोणी ठेवलं?"

"माझ्या आजीने."

"मग आणलं का नाही?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. आईने मात्र एकच विचारलं, "हे थांबंल का? दिवा लावायला मिळंल का मला?" डॉक्टरांना वाटलं वीज गेली असं काहीतरी म्हणतेय. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. "प्रयत्न करू," म्हणाल्या.

घरी येऊन मी आजीवर तुटून पडले. जे तोंडात आलं ते बोलले. तुझ्या देवामुळे, तुझ्या चटईमुळे, तुझ्या त्या मेल्या टिंबांमुळे. आजी जमिनीकडे बघत होती.

"मला काय ठावं, पवित्रा? माझ्या आईनं मला हेच शिकीवलं."

आई आत पडल्या पडल्या म्हणाली, "त्यास्नी बोलू नगंस. मी काय कुक्कुलं बाळ हुतो व्हय?" मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आजीला बोलणं सोपं होतं. फोनवर दोन मिनिटांत वाचता आलं असतं ते मीही वाचलं नव्हतं.

पंचवीस दिवस शेक झाला. जायच्या आधी अर्धा तास भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी धरून ठेवायची. रांग लांबली की आई बाकाची कड घट्ट धरून बसायची. पोटावर यंत्राची जागा ठरवायला शाईच्या खुणा केल्या होत्या, त्या धुवायच्या नव्हत्या. एकदा साडी बदलताना आजीने त्या काळ्या खुणा बघितल्या आणि ती खोलीतून निघून गेली. दर आठवड्याला सलाइनमधून औषध. आईला भाताच्या वासानेही उलटी व्हायची, जुलाब थांबायचे नाहीत. आजी पहाटे उठून पेज करायची आणि चमच्याने भरवायची. चटई गुंडाळून दाराआड गेली. शेवटी तीनदा आतून शेक दिला. त्याबद्दल आई आजही बोलत नाही आणि मी विचारत नाही.

दिवाळीच्या सुमाराला रक्त थांबलं. पुढच्या शुक्रवारी आईने यल्लम्मापुढे दिवा लावला. चौदा किलो उतरली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. संक्रांतीनंतर ती कारखान्यात गेली. लाल डबा परत भरायला लागला आणि सुपरवायझरने म्हणे ह्या वेळी हात जोडले. दर तीन महिन्यांनी तपासणी असायची आणि दर वेळी डॉक्टरीणबाई तेच बजावायच्या. लाल दिसलं की त्याच दिवशी यायचं. दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही.

नव्या वर्षाचं कॅलेंडर कोरं होतं. जानेवारी, फेब्रुवारी, उगादी, गणपती. मला तर वाटायला लागलं होतं की सुटलो.

नोव्हेंबरातला शुक्रवार. मी दात घासत होते. आई मोरीतून बाहेर आली, दाराआडची चटई काढली, झटकली, खिडकीखाली अंथरली आणि बसली. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

देवापुढे आजी वाती वळत होती. तिने मागे न बघता हाक मारली. "महानंदा, ये गं. दिवा लाव."

"मी बाहेर हाय, आत्या."

आजीचे हात थांबले. मग ती भिंतीला धरून उठली, गुडघे दाबत खिडकीशी आली आणि चटईवर आईला अगदी चिकटून बसली. आई दचकून मागे सरकली.

"शिवलासा की, आत्या!"

"शिवले." आजीने तिचा हात मुठीत घेतला. "ऊठ. दिवा लाव. मग दवाखान्यात जाऊया."

"असलं घेऊन द्येवापुढं?"

"असलंच घेऊन जायचं हुतं. माझंच चुकलं."

आई उठली. तिने काडी ओढली, वात पुढे केली, जरा कमी वाटली म्हणून परत पुढे केली. ज्योत धरेपर्यंत ती वाकून बघत राहिली.

मी फाइल शोधून काढली आणि रिक्षा बोलावली. निघताना बघते तर आजी कॅलेंडरपुढे उभी. सवयीने तिने काजळाच्या डबीत बोट घातलं होतं. ते बोट नोव्हेंबरच्या पानापर्यंत गेलं आणि थांबलं. मग तिने ते स्वतःच्या पदराला पुसलं आणि चपला घालायला लागली. आजवर ती एकदाही इस्पितळात आली नव्हती. मी खाली ओरडून रिक्षावाल्याला सांगितलं, "अण्णा, स्वल्प तडी, जरा थांबा, अजून एकजण आहे."

इस्पितळात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. हे शेकाने नाजूक झालेल्या जागेचंही असू शकतं किंवा दुसरंही, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. आईला आत झोपायला सांगितलं. मग हातमोजे चढवता चढवता त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कधीपासून?"

मी तोंड उघडायच्या आत आजी पुढे झाली. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, परीक्षेला बसल्यासारखी, कन्नडमध्ये म्हणाली,

"आज. आजच सकाळी, अम्मा. लगेच घेऊन आलो."