मुनियाची शंभर टक्के हजेरी

झाशी जिल्ह्यात एरचच्या अलीकडे, बेतवा नदीच्या काठावरच्या एका गावात सरकारी प्राथमिक शाळा आहे आणि त्या शाळेतून एक शेळी पाचवी पास झालेली आहे. हसायचं त्याने आताच हसून घ्यावं. तिचं प्रगतिपुस्तक निवेदिताबाईंच्या पिशवीत आहे, शिक्क्यासकट.

निवेदिताबाई झाशीच्या. सासरच्यांनी सात पिढ्या लोकांच्या पूजा सांगितल्या, बाईंच्या वाट्याला फळा आला. पहाटेच्या बसने मोठ नावाच्या गावापर्यंत, तिथून टमटम आणि मग बांधावरून पायी, अशी अठरा वर्षं त्यांनी ही शाळा केली. जवळ एक छडी असे. ती पोरांना कधी लागली नाही, पण तिने साप चार मारले. गावात सात सांगतात.

मग टॅब आले. पोराने टॅबला तोंड दाखवायचं. टॅब त्याला ओळखणार, हजेरी लावणार आणि ज्याच्या त्याच्या कुवतीचा धडा उघडून देणार. दर दहा मिनिटांनी पुन्हा तोंड दाखवायचं, म्हणजे पोर जागेवर आहे की आंब्यावर, ते कळतं. बाईंनी आधी नाक मुरडलं, मग त्यांनाच ते पटलं. पुढच्याला पुढे जाता येईल, मागच्याला कुणी हसणार नाही. आणि त्यांच्या मनात होती चंपा. दहा वर्षांची ही पोर फळ्यावरचं गणित बाईंचा खडू थांबायच्या आत सोडवून खिडकीबाहेर बघत बसायची. गावात शाळा पाचवीपर्यंतच. पुढची नदीपलीकडे, आणि बाप म्हणे, पोरीला एकटीला नावेतून धाडणार नाही. पाचवीनंतर झाशीच्या निवासी शाळेची परीक्षा पास होणं, एवढी एकच वाट होती. नाही तर शेळ्या होत्याच.

चेहरे नोंदवायचा दिवस आला. नेटवर्क शाळेत नव्हतं. ते नदीकाठच्या टेकाडावर यायचं, तेही बारा ते सव्वाबारा. बाईंनी बत्तीस पोरं टेकाडावर चढवली. चंपा शेवटी. घरी कुणी नव्हतं म्हणून तिने आठ दिवसांचं करडू ओढणीत गुंडाळून आणलेलं, त्याचं नाव मुनिया. टॅबच्या पडद्यावर हिरवी चौकट नाचली, नाचली आणि मुनियाच्या तोंडावर बसली. बाईंचं लक्ष घड्याळाकडे. सव्वाबाराला अर्धं मिनिट कमी होतं. त्यांनी 'मान्य'वर अंगठा दाबला आणि नेटवर्क गेलं.

दुसऱ्या दिवशी चंपा टॅबसमोर बसली, तर टॅब म्हणाला की या शाळेत अशी कुणी विद्यार्थिनी नाही. तेवढ्यात ओढणीतून मुनियाने डोकं काढलं. "सुप्रभात, चंपा," टॅब म्हणाला. वर्ग दिवसभर हसत होता. बाईही हसल्या. पहिल्या दिवशी.

टॅबचा कारभार बघणारा कौशिक झाशीच्या रेल्वे कॉलनीतला, बाईंच्या मैत्रिणीचा मुलगा. त्याला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून निघायची हिंदी. तो फोनवर म्हणाला, काही काळजी नको, चेहरा बदलता येतो. फक्त जुन्या चेहऱ्याने समोर बसून 'हाँ' म्हणायचं. जुना चेहरा म्हणजे मुनिया. ती दीड तास टॅबसमोर बसली आणि तिला येत होतं ते सगळं म्हणाली. टॅबने त्यातलं काहीही होकार म्हणून धरलं नाही. बाईंनी वर सात अर्ज केले. सातांना एकच उत्तर आलं: तक्रार विद्यार्थ्याने स्वतःचा चेहरा दाखवून करावी.

तेव्हा मुनिया शाळेत येऊ लागली. चंपाच्या मांडीवर बसायची. दहा मिनिटं झाली की चंपा तिची हनुवटी वर करायची, टॅब खूश व्हायचा आणि चंपा पुढचं गणित सोडवायची. पडदा चाटायचा नाही, त्याला तोंडही लावायचं नाही, हे चंपाने तिला महिनाभर टपल्या मारून शिकवलं. आणि खरं सांगायचं तर टॅबने शिकवलं झकास. दिवाळीपर्यंत चंपाचं पाचवीचं पुस्तक संपलं. अपूर्णांक तर ती नदीवरून पाणी आणता आणता करी. मुनियाला शिंगं फुटली, दाढी आली, तरी टॅब तिला ओळखायचा. वाढत्या वयाबरोबर चेहरा बदलतो हे त्याला ठाऊक होतं. प्रगतिपुस्तकात शेरा आला: हजेरी शंभर टक्के, लक्ष उत्तम, नजर ढळत नाही.

परीक्षा मार्चमध्ये, मोठच्या एका कॉलेजात, संगणकावर. पडद्यावरच्या उत्तराला बोट लावायचं. बाई, चंपा आणि मुनिया बसमध्ये चढल्या. कंडक्टरने विचारलं, हे सामान की सवारी? चंपा बुंदेलीत म्हणाली, "जा पढ़बे जा रई," म्हणजे ही शिकायला चालली आहे. एवढ्या गंभीर चेहऱ्याने म्हणाली की कंडक्टरने शेळीला विद्यार्थी सवलतीचं तिकीट फाडलं.

कॉलेजच्या दाराशी लोखंडी फिरतं फाटक आणि त्यावर कॅमेरा. चंपा उभी राहिली, लाल दिवा लागला. पुन्हा उभी राहिली, पुन्हा लाल. बाईंनी आधार कार्ड काढलं, दाखला काढला, आपलं स्वतःचं ओळखपत्र काढलं. पहारेकरी म्हणाला, कागद बघायची सोय इथे नाही. आतून कौशिक धावत आला; टॅबमधल्याच चेहऱ्यांवर चालणारं हे फाटकही तोच बघत होता. गळ्यात पट्टा, कपाळावर घाम.

"अरे, तुला मी पाढे शिकवलेत," बाई म्हणाल्या. "मी सांगते आहे, ही चंपा आहे. माझं सांगणं कुठे दाबायचं, तेवढं दाखव मला."

कौशिकने मान खाली घातली. "मौसीजी, मुझे दिख रहा है कि यह चंपा है. मेरे देखने से कुछ नहीं होता."

मग त्याने हळूच नियम सांगितला. गैरहजर लागली तर नाव कायमचं कटणार. हजर लागली तर निदान नंतर दाद मागता येईल. आणि फाटक बंद व्हायला चार मिनिटं उरली होती.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चंपानेच दोरी सोडली, मुनियाची दाढी नीट केली आणि तिला फाटकापुढे उभी केली. हिरवा दिवा लागला. फाटक फिरलं. मुनिया आत गेली, कारण समोर पडदे होते आणि पडद्यासमोर बसायचं असतं हे तिला माहीत होतं. एकेचाळीस नंबरच्या पडद्यावर तिचा फोटो झळकत होता. त्याच खुर्चीवर ती चढून बसली. पहारेकऱ्याने तिला हुसकायला काठी उचलली, तर कौशिक म्हणाला, हिरवा दिवा लागलेल्या उमेदवाराला उठवता येत नाही.

खिडकी एकेचाळीस नंबरच्या मागेच होती. चंपा गजांना धरून उभी राहिली. प्रश्न आला, एक मिनिट थांबला, गेला. दुसरा आला. चंपाचे ओठ हलत होते. "तीन बटा आठ." "बेतवा." "दूसरा वाला." मागे उभ्या बाई मनात बरोबरच्या खुणा करत होत्या. चाळीस प्रश्नांत त्यांना दोनच चुका सापडल्या आणि त्यातली एक, म्हणे, पेपर काढणाऱ्याची होती.

मुनियाने एकाही उत्तराला तोंड लावलं नाही. चंपाने तसं शिकवलंच होतं. दर दहा मिनिटांनी पडदा उजळायचा आणि ती आपण होऊन हनुवटी वर करायची. खिडकीतून एकदा चंपाने हलकेच हाक मारली, "मुनिया, छू ले." मुनियाने कान हलवले आणि ती ताठ बसून राहिली. इतकी गुणी विद्यार्थिनी त्या हॉलात दुसरी नव्हती.

निकाल आला: गुण शून्य. बाईंनी दाद मागितली. उत्तर आलं की उमेदवार पूर्ण वेळ हजर होती, तेव्हा तक्रारीला जागा नाही. सोबत शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र, वर नाव चंपाचं, फोटो मुनियाचा. चंपाच्या आईला वाचता येत नव्हतं. तिने ते कौतुकाने भिंतीला चिकटवलं. कौशिक एकदा झाशीला घरी येऊन गेला. चहा निवेपर्यंत बसला, प्यायला नाही. जाताना "मावशी" म्हणाला. त्याच्या तोंडून मराठी शब्द बाईंनी पहिल्यांदाच ऐकला.

जुलैत शाळा पुन्हा भरली. बाई टमटममधून उतरून बांधावरून निघाल्या. पिशवीत नव्या वर्षाचे टॅब होते आणि अंगठा उगाच तर्जनीवर घासत होता, मार्चपासून लागलेली सवय. नदीकाठी शेळ्या चरत होत्या. मधे चंपा, हातात काठी.

बाईंना बघून ती उठली. बाई तिला काहीतरी सांगायला थांबल्या.  चंपाने मुनियाला जवळ ओढलं, दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली आणि तोंड बाईंकडे वळवलं.

"हाजिर, मैडमजी," ती म्हणाली.