फळ्यावरची राणी

एकोणीसशे ब्याऐंशी साली कोपऱ्यावरचं जुनं थिएटर पाडायला काढलं. लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले; काकूंनी दारावरचा पोस्टरचा फळा मागून घेतला. हमालांनी तो आणून अंगणात भिंतीला टेकवला, तशी नणंद म्हणाली, "वहिनी, घरात रद्दी कमी पडली होती का?"

काकूंना हॉलिवूडच्या जुन्या भव्य चित्रपटांचं वेड होतं. हजारो घोडेस्वार, कोसळणारी देवळं, खोलीत मावणार नाहीत असे झगे दिसले, की त्या चित्रपटाची तिकिटं, फोटो, माहितीपत्रकं त्यांच्या पेटीत यायची. सगळ्यांत लाडका वाळवंटातल्या राणीचा. लग्नानंतर काकांबरोबर याच थिएटरात पाहिलेला पहिला. त्याचं सगळं होतं, पोस्टर तेवढं नव्हतं. आता संग्राहकांच्या मंडळानं प्रदर्शन ठरवलं होतं. पोस्टर मिळालं तर समोरची मोठी भिंत काकूंची, नाहीतर मंडळातल्याच दातांच्या डॉक्टरांनी जमवलेल्या, सिनेमातल्या लाकडी तलवारींची.

काका त्याच थिएटरात पोस्टरं चिकटवायचे. जुनं खरवडून काढायचं, मगच नवं लावायचं, असा मालकाचा सक्त हुकूम होता. काकूंची सगळी मदार काकांनी तो पाळला नसेल यावर होती. ज्यानं घरात स्वतःचं ताट कधी उचललं नाही, तो भर उन्हात शिडीवर चढून फळा खरवडत बसला असेल, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

काकांना मात्र ते फार लागलं. "मी दर वेळी खरवडायचो. मालक चारचौघांत माझं उदाहरण द्यायचा."

"मग माझं नशीब," म्हणत काकूंनी पाणी तापत ठेवलं.

गरम फडकी दाबली की खळ सुटायची आणि वरचा कागद हळूच उचलता यायचा. काकूंनी खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. वरच्या पोस्टरची खालची कड निघाली आणि मागे कोरं लाकूड दिसलं. शेजारी हात फिरवला, तिथेही लाकूडच. काका छाती पुढे काढून खुर्चीत बसले. तलवारी भिंतीवर चढलेल्या त्यांना आत्ताच दिसायला लागल्या.

फडकं पिळता पिळता त्या थबकल्या. लाकूड दिसत होतं ते फक्त खालच्या पट्टीत; फळा थिएटरच्या दारावर असताना जमिनीवर उभ्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत.

"शिडी आणा," त्या काकांना म्हणाल्या.

काकांनी खाली पाहिलं. मग उठून शिडी आणली.

वर थरावर थर होते. सगळ्या पोस्टरांच्या तळाशी आधी सोन्याचा मुकुट दिसला, मग काजळ घातलेला एक डोळा, मग दुसरा. संध्याकाळपर्यंत हत्ती, घोडे, तंबू आणि अख्खी राणी अंगणात उभी राहिली. खालची नावांची पट्टी तेवढी गेली होती.

"मालक उदाहरण द्यायचा ते तेवढ्या पट्टीचंच," काका पुटपुटले. नणंद हसून हसून पायरीवरच बसली.

मोठी भिंत काकूंना मिळाली. पोस्टरखालच्या पाटीवर त्यांनी लिहून घेतलं: "जतन केलं काकांनी."

पुढे काकांनी ती पाटी घरी आणून दारावर लावली आणि शेवटपर्यंत येईल त्याला दाखवली. डॉक्टरांनीही म्हातारपणी आपल्या तलवारी काकूंच्याच हवाली केल्या. थिएटरच्या जागी दुकानं झाली. नणंद अजून पाहुण्यांना राणीसमोर उभं करते आणि शिडीची कल्पना आपलीच होती म्हणून सांगते. काकू ऐंशी पार आहेत. नणंदेचं म्हणणं खोडत नाहीत.