तेलाचा आकडा

आईने गाडी फाटकातून इतक्या हळू बाहेर काढली, की मागून आलेला सायकलवालाही वैतागून पुढे निघून गेला.

"जरा दाब की," दोन चौक मागे पडल्यावर शेजारी बसलेला मुलगा म्हणाला.

"अजून गार आहे."

"काय गार आहे?"

"इंजिनचं तेल."

त्याने वाकून पाहिलं. तापमानाचा काटा तर केव्हाच मध्यावर येऊन बसला होता. त्याने तसं सांगितलं.

"तो पाण्याचा काटा. पाणी उतावळं असतं, लगेच तापतं. तेल सावकाश येतं मागून." आईने काट्याखालच्या छोट्या पडद्याकडे हनुवटीने खूण केली. तिथे बावन्न हा आकडा होता. "ते ऐंशीच्या पुढे जाईपर्यंत इंजिनला पळवायचं नाही. झोपेतून उठल्या उठल्या तुला कुणी पळायला लावलं तर चालेल?"

चाळिशी ओलांडलेला तो मुलगा सीटला टेकून बसला. तेलाबद्दल वाद घालायला तो आलाच नव्हता. घाटापलीकडे ताईचं घर होतं, आणि संध्याकाळी तिच्याकडे तिच्या ओळखीचे एक चष्मेवाले ही गाडी बघायला येणार होते. बाबा गेल्यावर आईने साठीत गाडी शिकून घेतली, तेव्हा दोन्ही मुलांनी कौतुक केलं होतं. पण आता ती एकटी घाट ओलांडून ये-जा करू लागली, आणि तिचा फोन लागला नाही की दोघांचा जीव टांगणीला लागायचा. गाडी विकायची, हे बहीण-भावाने परस्पर ठरवून टाकलं. आईला सांगायचं काम मात्र ताईने त्याच्यावर ढकललं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तो तयार झाला खरा, पण फाटकापासून आतापर्यंत त्याला वाक्य सापडत नव्हतं.

शहर मागे पडलं, पडद्यावर पंच्याऐंशी उमटलं आणि आईने पाय दाबला. गाडी अशी काही सरसावली, की त्याचा हात आपोआप दाराच्या मुठीकडे गेला.

घाट सुरू झाला तशी त्याची नजर त्या आकड्याला चिकटली. तो कापडाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. डोळ्यांत तेल घालून काट्यांकडे बघणं हाच त्याचा धंदा, आणि त्या धंद्याचा नियम साधा होता. काटा रेषेपलीकडे गेला की आधी आग बंद, चौकशी नंतर. इथे तर रेषाच कुठे दिसत नव्हती. आकडा अठ्ठ्याण्णव झाला, नव्याण्णव झाला.

"आई, शंभर झाले."

"होऊ देत."

पुढे लादलेला ट्रक कण्हत चढत होता. एकशे पाच. एकशे आठ. एकशे बारा दिसल्यावर त्याच्याने राहवेना. बॉयलरवर जे केलं असतं तेच करायला त्याने हात चावीकडे नेला.

आईने रस्त्यावरची नजर न काढता त्याच्या मनगटावर चापट मारली. लहानपणी डब्यात हात घातल्यावर मारायची तशीच.

"वळणावर आहोत आपण. चालत्या गाडीत इंजिन बंद केलंस तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक जड होतो. तेलाने नाही मरायचो, तुझ्या हाताने मात्र दरीत जाऊ."

"अगं, एकशे बारा आहे ते."

"तुझ्या बॉयलरात पाणी असतं. ते शंभराला उकळतं. हे तेल आहे, त्याला शंभराचं काही नाही. उलट तेवढं तापलं तरच आतला ओलावा उडून जातो." तिने गिअर खाली घेतला आणि ट्रकला थोडं पुढे जाऊ दिलं. "त्याच्या पाठीला चिकटून गेलं की आपल्याला वारा मिळत नाही. सपाटीवर हिचं नव्वद ते शंभर असतं. घाटात एकशे दहा-पंधरा. एकशे तीसकडे निघाली, तर मी स्वतःच बाजूला घेईन."

"आणि तोवर?"

"तोवर चढाकडे बघायचं आणि आकड्याकडे बघायचं. चढाबरोबर वाढला तर ठीक. चढ तेवढाच, आणि हा वाढतच चाललाय, तर मात्र काहीतरी बिनसलंय."

आकडा एकशे चौदावर गेला आणि तिथेच राहिला. त्याने आकड्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिची नजर रस्त्यावर होती, तिथून आरशात गेली, क्षणभर आकड्यावर आली आणि पुन्हा रस्त्यावर. कुठेही अडकत नव्हती, काही चुकवतही नव्हती. इतकी वर्षं काटे वाचणाऱ्या माणसाला ही नजर कळत होती. त्याच्या पाळीवरच्या माणसांपैकी अशी एखाद्याचीच होती. त्याची स्वतःची तशी होती का, हे आज तो छातीठोकपणे सांगू शकला नसता.

माथा ओलांडून उतार लागला. एकशे नऊ. एकशे तीन. आकडा शहाण्यासारखा खाली येत गेला.

"तुला हे शिकवलं कुणी?"

"घाबरले म्हणून शिकले. पहिल्यांदा एकटी आले तेव्हा शंभर बघून याच घाटात गाडी थांबवली, बाजूला बसून रडले. मग मेकॅनिकला फोन लावला. तो आधी पोटभर हसला, मग त्याने नीट समजावलं. गाडीबरोबरची पुस्तिका वाचली. पुढे प्रत्येक खेपेला बघत गेले, कुठल्या चढाला कितीवर जाते." तिने एक वळण घेतलं. "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही गाडीच काढून घेतली असती."

तो खिडकीबाहेर बघू लागला. त्याला आईचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली. उतार संपला आणि ताईचं घर आलं.

चष्मेवाले ठरल्यापेक्षा लवकर आले. आई आत हातपाय धूत होती. ताईने डोळ्यांनीच विचारलं, सांगितलंस का? त्याने नकारार्थी मान हलवली. ताईने कपाळाला हात लावला आणि चहा टाकायला ती आत गेली.

चष्मेवाले माणूस चोखंदळ होते. त्यांनी टायर दाबून पाहिले, दारं उघडून लावून पाहिली, बॉनेटवर हात ठेवला.

"छान ठेवलीय आईंनी. तापत नाही ना?"

त्याने पडद्याच्या दिशेने पाहिलं. तेल वेगळं, पाणी वेगळं, हे सगळं आता त्याला व्यवस्थित समजावून सांगता आलं असतं.

"तापते की," तो म्हणाला.

"अच्छा. म्हणजे कितीपर्यंत?"

"घाटात एकशे सोळा."

"शंभराच्या वर?"

"बरीच वर. सपाटीवरसुद्धा शंभराला टेकते. आताच बघून आलो, म्हणून सांगतो. खोटं कशाला बोलू?"

चष्मेवाल्यांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला. मग घड्याळात बघितलं, घरी एकदा विचारून घेतो म्हणाले, तुमच्यासारखी सरळ माणसं हल्ली मिळत नाहीत असंही म्हणाले, आणि गेले.

ताई ट्रे घेऊन बाहेर आली. वर चार कप होते.

"हे काय, गेले ते? का रे?"

"त्यांना तापणारी गाडी नको."

"तापते? मग आई रोज—" ताई मागे वळली. दारात आई उभी होती, टॉवेलने हात पुसत. ती केव्हापासून तिथे होती कोण जाणे. तिने फाटकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"एकशे चौदा होतं," ती म्हणाली. "उगाच दोन वाढवू नकोस."

"हो. चौदा."

आईने टॉवेल खांद्यावर टाकला आणि ट्रेमधला चष्मेवाल्यांचा कप उचलून पायरीवर बसली.