बॅटरीवरची खूण

"हात लावायच्या आधी ही खूण बघून ठेव," साहेब म्हणाले. बॅटरीच्या कडेला त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. "म्हणजे बदलाबदल करता येणार नाही."

साहेब म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. जन्म गेला माणसांवर संशय घेण्यात, आता माझी पाळी होती. मागे मी त्यांच्या जुन्या गाडीच्या दिव्यांची वायर बदलून दिली होती. या महिन्यात बॅटरी सारखी उतरायला लागली, तशी ते ती स्वतः काढून माझ्या बॅटरीच्या दुकानात आणत आणि चार्ज होईपर्यंत समोर ठाण मांडून बसत. चांगली बॅटरी काढून मी टाकाऊ बसवतो, असं गल्लीभर सांगत सुटले होते. जुनी गिऱ्हाइकंसुद्धा आता माझ्याकडे तिरकं बघू लागली होती. राग येणार नाही तर काय? नावावरच तर माझं दुकान चालतं. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून आज मी हट्टाने त्यांच्या घरी आलो होतो.

बॅटरी जोडली आणि गाडीचे दिवे आपोआप लागले. समोरची भिंत उजळली.

"बघ! मी लावले का दिवे? इथंच पाणी मुरतंय!"

मी आत वाकलो. दिव्यांचा खटका बाहेर ओढलेला होता, गाडी लावल्यापासून तसाच. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दारातल्या काकूंनी मानेनेच नको म्हटलं.

"अहो, आत तुमचा फोन वाजतोय."

साहेब आत गेले तशा त्या घाईने म्हणाल्या, "हे विसरतात, रोज दिवे मीच बंद करते हो. बहिणीच्या आजारपणात महिनाभर गेले होते, आज सकाळीच आलेय. त्यांना हे कळलं ना, तर पुन्हा गाडीला हात लावणार नाहीत. नुसते बसून राहतील."

"आणि चालवताना विसरले तर?"

"मी असते ना शेजारी. आता कुठं जात नाही मी."

साहेब परतले. "कुणाचा फोन नव्हता. काय खलबतं चाललीत?"

मला दुकान आठवलं, गिऱ्हाइकं आठवली. मग म्हणालो, "साहेब, चूक माझीच. वायर उलटी जोडली होती."

"म्हटलं नव्हतं?" त्यांचा चेहरा खुलला. "सापडला की नाही चोर!"

दिवे चालू असताना दार उघडलं की ओरडणारा बझर मी त्यांच्या गाडीला बसवून दिला.

परवा ते माझ्या दुकानासमोर थांबले. दार उघडताच बझर किंचाळला. साहेब उतरले आणि चार लोकांदेखत माझ्याकडे बोट रोखून ओरडले, "आता हे काय बिघडवून ठेवलंस?"

त्यांच्या पाठीमागे काकूंनी शेजारच्या सीटवरून वाकून खटका आत ढकलला. बझर थांबला.

"गाडी ठेवून जा साहेब," मी म्हणालो, "बघतो."