टेम्पोच्या रंगाचं पागोटं

जरीवालांनी तसबीर भिंतीवरून उतरवून खाटेवर ठेवायला लावली, खिशातून भिंग काढले आणि ते तिच्यावर असे वाकले की उषाबाईंना तांदळातले खडे वेचणाऱ्या बाईची आठवण झाली. सुरतेत चौटा पुलाजवळ त्यांचे जुन्या वस्तूंचे दुकान होते. डिंडोलीतल्या या घरात आल्यावर खुर्चीवर बसण्यापूर्वी त्यांनी ती रुमालाने पुसली होती. उषाबाईंनी ते पाहिले आणि तेवढ्यावरूनच माणसाची किंमत करून टाकली.

त्यांना बोलावले होते गजेंद्रने, उषाबाईंच्या मुलाने. कापड मार्केटात त्याच्या कानावर आले होते की जुन्या चित्रांना गिऱ्हाईक मिळते. उषाबाईंची हरकत नव्हती. हे धूड गेले तर तिथे टीव्हीचे कपाट बसणार होते.

तसबीर त्यांच्या सासऱ्यांची, म्हणजे तसे समजायचे. सासरे नानपुऱ्यातल्या एका शेठच्या बंगल्यावर वॉचमन होते. बंगला पाडला तेव्हा वारसांनी टाकून दिलेली म्हाताऱ्या शेठची तसबीर त्यांनी घरी आणली. पुढे ते स्वतः गेले, तर त्यांचा एकही फोटो कोणाकडे सापडेना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरायची, तर समोर चेहरा कोणाचा ठेवायचा? तेव्हा उषाबाईंच्या नवऱ्याला, भटूला, अक्कल सुचली. शेठचे नाक थेट आपल्या बापासारखे आहे, असे त्याने ठरवले आणि शेठच्या काळ्या टोपीवर लाल पागोटे चढवले. भटू डाइंग मिलमध्ये होता; सुटीच्या दिवशी टेम्पोंच्या पाठीवर नावे रंगवायचा. तोच डबा, तोच ब्रश.

कसे दिसते, असे त्याने बायकोला विचारले होते. कोणीतरी डोक्यावर टमाट्यांची टोपली पालथी घातल्यासारखे, असे त्या म्हणाल्या होत्या.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली, सगळी सुरत पळत सुटली तेव्हा लोकांनी भांडीकुंडी उचलली, भटूने तसबीर उचलली. ती पाठीला बांधून तो भुसावळच्या गाडीत चढला आणि डबाभर लोक हसले. उषाबाईंनी तोंडावर पदर घेतला, नवरा आपला नाही असे दाखवायला. दोन वर्षांनी भटूही गेला. उषाबाई तसबिरीवरची धूळ पुसत, पण टोमणा मारल्याशिवाय नाही.

जरीवालांनी चारी कोपरे पाहिले, मागची बाजू पाहिली. सही कुठेच नव्हती. तरी हात चांगला आहे, म्हणाले. डोळे बघा, अंगरख्याच्या घड्या बघा. मग भिंग पागोट्यावर आले आणि ते हसायला लागले.

"ये किस गधे ने किया, बेन? ये तो टेम्पो का रंग है."

गजेंद्रही हसला. "हतो कोई पेंटर, शेठ," तो गुजरातीत म्हणाला.

गाढव हा शब्द उषाबाईंनी भटूसाठी जन्मभर वापरला होता. दुसऱ्याच्या तोंडून तो त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

हा चिखल खरवडला तर तसबीर घेईन, नाहीतर फुकटही कोणी नेणार नाही, असे सांगत जरीवालांनी उग्र वासाच्या बाटलीत कापूस बुडवला आणि पागोट्याच्या कडेला घासला. कापूस लाल झाला. शेठच्या कानावर काळी टोपी डोकावली. जरीवालांनी बोळा पुन्हा बुडवला, तेव्हा उषाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या शेठ. नही देवानी."

गजेंद्र चिडला. हा माणूस आपला कोणीच लागत नाही, परक्या शेठला आपण घागरी भरतो, लोकांना कळले तर हसतील, असे बरेच काही तो बोलला. उषाबाईंनी ते संपू दिले.

"शेठ कोणी बी ऱ्हावो. पागोटं तुना बापनी काढेल शे. आते शेठले सांग, तो पेंटर कोण व्हता."

त्या गजेंद्रकडे बघतच राहिल्या. शेवटी त्याने जमिनीकडे पाहत सांगितले. जरीवाला काहीतरी पुटपुटले, भिंग खिशात घातले आणि निघाले. चहा तसाच राहिला.

तसबीर पुन्हा खिळ्याला लागली. टीव्ही पत्र्याच्या पेटीवरच राहिला.

आखाजीला गजेंद्रने घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवले. उषाबाई हार घेऊन स्टुलावर चढल्या. "टमाटानी टोपली," त्या सवयीने पुटपुटल्या. मग त्यांनी हार घातला, मागे वाकून पाहिला आणि एका बाजूने वर ओढून जरा तिरका केला. कानावरचा काळा डाग झेंडूखाली गेला.