पेटीत गेलेली तेरा पाने

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड कादंबरी आहे. माझे नाव 'धूम्रगिरीचे सात दरवाजे'. नाव ऐकल्यावर तुम्ही जरा पुढे सरकून बसलात, ते मी पाहिले. माझे नाव ऐकले की सगळेच सरकतात. एका म्हातारीचा जीव त्या सरकण्यापायीच गेला. तिची हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे, आणि मुखपृष्ठावर धुराने वेढलेला डोंगर. जुन्नरच्या एका कचेरीतल्या कुंडलिक नावाच्या कारकुनाने मला कोरी विकत घेतले. दर दिवाळीच्या सुट्टीत ते मला पहिल्या पानापासून वाचायचे. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी हा नेम पाळला. मग त्यांची दृष्टी गेली आणि त्यांनी अंथरूण धरले. "सहावा दरवाजा तेवढा वाचून दाखव रे," असे ते थोरल्या मुलाला रोज म्हणायचे. मुलगा म्हणायचा, "दादा, हे काय तुमचं वय आहे का राक्षसांच्या गोष्टी ऐकायचं?" कुंडलिकराव गेले, त्यांचा तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी मी रद्दीवाल्याच्या तराजूत होते.

तिथून मी नारायणगावला आले. ते साल १९९४. तेव्हा टोमॅटो लाकडी पेट्यांत भरून बाहेरगावी जात. पेटीच्या फळ्यांनी माल खरचटू नये म्हणून आतून कागद लावत. त्या कागदासाठी व्यापारी किलोवर रद्दी घेत. मी अशाच एका गठ्ठ्यात होते. माझे पुढे काय होणार, ते मला समोर दिसत होते. माझ्या आधीची वर्तमानपत्रे टराटरा फाटत होती.

कागद लावायचे काम वृषालीकडे होते. ती महाळुंगे पडवळ गावची सून. दहावी झालेली, एकोणीस वर्षांची. तिने मला उचलले, मधूनच उघडले, फाडायला अंगठा लावला आणि तिची नजर एका ओळीवर पडली. तिने ती ओळ वाचली. मग खालची वाचली. मग पान उलटले. शेजारची साळुबाई म्हणाली, "अगं, कागूद दे की! हात काय मोडला व्हय तुझा?" वृषालीने मला गोणपाटाखाली सरकवले आणि दुसरी रद्दी फाडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत तिने मला मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गाळ्यावर अकरा बायका होत्या, सगळ्या एकाच गावच्या, एकाच जीपमधून येणाऱ्या. वाचता येणारी ती एकटीच. माझी गोष्ट अशी : धूम्रगिरीच्या पोटात एका मांत्रिकाने सगळ्या देशाचे पाणी कोंडून ठेवले आहे. ते सोडवायला राजपुत्र अरुणध्वज आपल्या सोबत्यांना घेऊन निघतो. वाट दाखवायला एक लंगडा वाटाड्या आहे, मंदार. सात दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजा आत जाणाऱ्यांकडून काहीतरी काढून घेतो.

पहिल्या दरवाजापाशीच बायकांच्या भाकऱ्या हातात राहिल्या. त्यांत सगळ्यांत वडील होती पारूबाई. साठीच्या पुढची, वाळक्या अंगाची, पण डोक्यावर टोमॅटोची पेटी घेऊन मालाच्या ट्रकला लावलेल्या फळीवरून तरण्या बाईसारखी चढणारी. ती म्हणाली, "आगं, ह्यो तर आमचा हडसरचा किल्ला! माझ्या म्हायेराकडं असाच कातळात कोरल्याला दरवाजा हाय. गवताला जायचो तवा आमी आत बसायचो."

"मांत्रिक व्हता का आत?" साळुबाईने विचारले.

"वटवाघळं व्हती," पारूबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

पण तिला राजपुत्राचे काही पडले नव्हते. ती रोज विचारायची, "मंदार कुटवर आला?"

चार दिवसांनी गोरखला कळले. गोरख हा मुकादम. तोही महाळुंग्याचाच. जीप तोच आणायचा आणि बायकाही त्यानेच जमवलेल्या. तो मागे येऊन उभा राहिला तेव्हा वृषाली वाचता वाचता थबकली. मला वाटले, आता मी फाटणार. पण गोरख हुशार होता. त्याने बायकांच्या हातांकडे पाहिले. सुट्टी संपलीही नव्हती आणि ऐकता ऐकता त्यांनी टोमॅटो निवडायला घेतले होते. इतके भरभर हात त्याने आधी पाहिले नव्हते.

"वाचा की," तो म्हणाला. "फकस्त पुस्तक माझ्यापाशी ऱ्हाईल. चार वाजायच्या आत गाडी भरली तर धा पानं वाचायची. न्हाई भरली तर न्हाई."

त्या दिवसापासून मी त्याच्या पत्र्याच्या पेटीत कुलपाआड राहू लागले. आणि गाडी रोज चारच्या आत भरू लागली. चाराचे साडेतीन झाले. पेट्या वाढल्या. पाणी प्यायला उठणे बंद झाले. एखादी मागे पडली तर तिच्यावर गोरखला ओरडावे लागत नसे, बाकीच्याच ओरडत.

साळुबाईचे सहा महिन्यांचे लेकरू खांबाला बांधलेल्या झोळीत असायचे. एकदा ते रडू लागले. साळुबाई उठली तशी तिघीचौघी एकदम म्हणाल्या, "आधी तुझी रांग संपीव! तुझ्यापायी आज वाचान बुडंल." साळुबाई परत बसली. लेकरू रडून रडून दमले आणि झोपले. तिची चोळी पुढून ओली झाली होती. ती मान खाली घालून टोमॅटो निवडत राहिली. साडेतीनला वृषालीने मला उघडले तेव्हा सगळ्या सरकून जवळ आल्या, साळुबाईसुद्धा. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या प्रत्येक पानाची लाज वाटली.

असे करत आम्ही सहाव्या दरवाजाशी पोचलो. हा दरवाजा म्हणजे वरून खाली येणारी शिळा. कोणीतरी ती खांद्यावर तोलून धरायची, तरच बाकीच्यांना पलीकडे जाता येते. धरणाऱ्याने मात्र तिथेच राहायचे. मंदार आपला आखूड पाय दगडात रोवतो आणि शिळेखाली खांदा देतो. एकेक जण त्याच्या बगलेखालून वाकून निघून जातो. शेवटी राजपुत्रही जातो. तिथे ते प्रकरण संपते.

पारूबाई चिडली. "सगळं गेलं फुडं? येकबी थांबला न्हाई? मग त्येचं काय झालं? वाच, वाच."

"धा पानं झाली," गोरखने मला वृषालीच्या हातातून काढून घेतले. "आता उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी माल उशिरा येणार होता. बायका गाळ्याच्या दारात बसल्या होत्या. गोरख आत एका उपड्या पेटीवर बसला आणि त्याने प्रथमच मला स्वतः उघडले. शेवटची तेरा पाने उरली होती. आधी तो नुसता चाळत होता. मग त्याचे बोट ओळींखालून फिरू लागले. शेजारचा चहा निवून त्यावर साय धरली. त्याने शेवटचे पान वाचून संपवले. मग त्याने उपरण्याने डोळे पुसले.

मला वाटले, आता हा उठेल आणि बायकांना हाक मारील.

तो उठला. त्याने दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. गोष्ट संपली की या बायका पुन्हा चाराचे साडेपाच करणार, हे त्याच्या ध्यानात आले असावे. त्याने ती तेरा पाने एकेक करून माझ्यातून ओढून काढली आणि रिकाम्या पेट्यांच्या तळाशी लावली. माल आल्यावर त्यांवर टोमॅटो भरले गेले. बायकांनीच ते भरले. दुपारी गाडी परराज्यात गेली. फाटून गेलेल्या पानावर काय होते ते पुस्तकाला आठवत नाही. माझा शेवट मला विचाराल, तर मला तो माहीत नाही.

चार वाजता वृषालीने मला उघडले आणि ती किंचाळलीच. गोरख शांतपणे म्हणाला, "मी वाचलाय शेवट. रोज थोडा थोडा सांगंन. काम बघून."

मग तो सांगू लागला. एका दिवशी एक वाक्य. "मंदारच्या गुडघ्यातनं रगात आलं." त्यासाठी पन्नास पेट्या जादा. "वरनं दगूड पडाय लागलं." आणखी पन्नास. "लांबनं कुणाचा तरी आवाज आला." कुणाचा, ते उद्या. पंधरा दिवस असे चालले. एकदा वृषाली म्हणाली, "काल तुम्ही उजवा खांदा म्हणाला व्हता. आज डावा कसा?"

"मग तूच सांग की, वैनी," गोरख हसून म्हणाला.

पारूबाईला खोकला झाला होता. अंगात ताप होता. घरी राहा म्हटले तर ऐकेना. "आन त्यो आवाज कुणाचा व्हता ते तुमीच आयकाल व्हय?" असे म्हणून ती सकाळी सगळ्यांच्या आधी जीपपाशी येऊन उभी राहायची.

त्या दिवशी ऊन फार होते. दुपारी फळी चढताना पारूबाईने छातीला हात लावला आणि ती खाली येऊन पेट्यांना टेकून बसली. तिचे ओठ काळे पडले होते. साळुबाई तिला पदराने वारा घालू लागली. गोरख आला.

"गोरखा," पारूबाई म्हणाली, "मला समदं नको. त्यो जित्ता ऱ्हातो का न्हाई, येवढंच सांग."

"सांगा ना तिला, गोरखभाऊ!" वृषाली म्हणाली. "एका शब्दाचं तर काम हाय."

गोरखने गाडीकडे पाहिले. "अजून दोन थर ऱ्हायलेत. नाटकं करू नको, म्हातारे. तेवढं चढीव, आज समदं सांगतो. आईशप्पत."

आणि मित्रांनो, ती उठली. दोघींनी धरले तरी उठली. तिने एक पेटी डोक्यावर घेतली, फळीवर तीन पावले चढली आणि पेटीसकट खाली आली. टोमॅटो रस्त्यापर्यंत गडगडत गेले. गोरखच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : "माल!"

तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नुसते पाहिले आणि मान हलवली. जीप परत आली तेव्हा वृषाली गोरखसमोर जाऊन उभी राहिली.

"आता तरी सांगा."

"आता कुणाला सांगू?" गोरख म्हणाला.

वृषालीने त्याच्या उघड्या राहिलेल्या पत्र्याच्या पेटीतून मला उचलले. तो मागून ओरडला, "ने, ने! शेवट न्हाई त्यात!" दुसऱ्या दिवशी त्याची जीप महाळुंग्याच्या चौकात भोंगा वाजवत उभी राहिली. एकही बाई आली नाही. तुम्हाला वाटेल, गोरखची जिरली. तसे काही झाले नाही. चारच दिवसांत त्याने दुसऱ्या गावच्या बायका आणल्या आणि गाड्या भरत राहिल्या. उपाशी राहिल्या त्या याच दहा जणी. साळुबाई तर महिनाभर काम शोधत फिरत होती.

वृषालीने शाळेची एक रेघांची वही आणली. दुपारी घर रिकामे असले की ती लिहायची. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. तिला अख्खा पावसाळा लागला. मग तिने गोणी शिवायच्या सुईने ती वहीची पाने माझ्या पाठीला शिवून टाकली. तिच्या शेवटात अरुणध्वज सातव्या दरवाजापर्यंत जातो, पाण्याचा आवाज त्याला ऐकू येतो आणि तो मागे वळतो. तो परत सहाव्या दरवाजाशी येतो. पुढचे मी इथे सांगत नाही. तुम्ही वाचा.

पुढे गावात वाचनालय निघाले. संध्याकाळी दोन तास पुस्तके द्यायला वृषालीच बसू लागली, आणि तिने मला तिथल्या कपाटात ठेवले. मुलांनी मला इतके नेले की माझी बांधणी पुन्हा करावी लागली. छापील पाने संपून निळी शाई सुरू होते तिथे आजवर कोणी थांबलेले नाही.

२००५ साली नववीतल्या समृद्धीने मला घरी नेले. ती गोरखची मुलगी. गोरखचे मुकादमपण आता सुटले होते. लाकडी पेट्या जाऊन प्लॅस्टिकचे क्रेट आले होते, आणि तो मधुमेहाने अधू होऊन ओट्यावर बसलेला असायचा. त्याला धूसर दिसायचे. शेजारी बसून समृद्धी रोज संध्याकाळी मोठ्याने वाचू लागली. आधी त्याचे तिकडे लक्ष नव्हते, त्याने मला ओळखले नाही. सहावा दरवाजा आला तेव्हा ओळखले.

"राजपुत्र मागे वळला..." समृद्धीने वाचले.

"खोटं हाय!" गोरख ओरडला. "असं नव्हतं त्यात."

"मग कसं होतं?"

त्याने तोंड उघडले. मीही कान टवकारले, माझाच शेवट होता तो. "त्यो... मंदार... वरनं दगूड..." तो थांबला. उजवा खांदा की डावा? आवाज कुणाचा? पंधरा दिवस त्याने जे जे बनवून सांगितले होते, ते खऱ्यात असे कालवले गेले होते की त्याला काहीच वेगळे काढता येईना. "बास कर वाचायचं," तो म्हणाला. समृद्धी आत जाऊन एकटीच वाचत बसली.

सकाळी ती मला परत द्यायला निघाली तेव्हा त्याने तिला उंबऱ्यात अडवले. आवाज हळू होता.

"समू, जगला का गं त्यो?"

समृद्धी हसली. तिला काय ठाऊक? "शेवट सांगितला की मजा जाते, बाबा! वाचनालयातून आणा आणि दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या." आणि ती मला दप्तरात टाकून पळाली.

मित्रांनो, वाचनालयात पुस्तक द्यायला कोण बसते ते तुम्हाला माहीत आहे. गोरख तिथे आला नाही. त्या वर्षी नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

म्हणून माझे एवढेच मागणे. माझ्या पानांचे कोपरे दुमडू नका, मला ओल लागू देऊ नका, हे तर तुम्हाला शाळेत सांगतातच. पण कुणी थकलेले माणूस तुमच्यासमोर बसून विचारील, "पुढं काय झालं?" तर त्याला तिष्ठत ठेवू नका. माहीत असेल तर लगेच सांगा.